वरच्या दाढेची नस

"जरा दम धरा गो," काकी म्हणायच्या आणि कुंचल्याचं टोक ओठांत ओलं करायच्या. मग मूर्तीच्या डोळ्यात बुबुळ टेकवेपर्यंत पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या कारखान्यात कुणी हलायचं नाही. मालकांना शिंक आली तर तेसुद्धा बाहेर जात.

तुम्ही गणपतीचा कारखाना पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, मूर्तीचं सोवळं, म्हणजे नेसूचं पितांबर, कुणीही रंगवतं. मीच रंगवायचे. डोळ्यांची आखणी मात्र एकीच्याच हातची, काकींच्या.

एका वर्षी गणपती महिन्यावर आले आणि काकींची डाव्या बाजूची वरची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. पेणच्या डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं, तशा काकी खुर्चीतून उठून थेट एसटीत बसल्या.

"वरच्या दाढेची नस डोळ्याला जाते. ती ओढली की नजर गेली. माझ्या माहेरी एक म्हातारा होता, दाढ काढली नि वर्षात आंधळा झाला."

"मोतीबिंदू असेल त्याला."

"मग दाढेनंतरच कसा आला?"



दुसऱ्या दिवसापासून काकी नुसत्या सुटल्या. जेवणाची सुट्टी नाही, चहा नाही, डोळ्यांमागून डोळे. मालक खूश. "यंदा काकींच्या हाताला काय उरक आलाय," म्हणाले. मला मात्र कारण कळलं आणि संताप आला. आज ना उद्या दाढेला हात लावावाच लागणार, तर नजर आहे तोवर यंदाचे सगळे गणपती बघते करून ठेवायचे, असा काकींचा हिशेब होता.

सूज डोळ्याखाली चढली तेव्हा मीच त्यांना ओढत नेलं. तेही रोह्याला. पेणात कुणी पाहिलं तर आखणी दुसऱ्याकडे जाईल, ही त्यांना धास्ती.

रोह्याच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. "आजी, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दाढ मी काढतच नाही. आतलं सडलेलं काढायचं, साफ करून भरायचं. असंच ठेवलंत आणि पू पसरला, तर मात्र खरं घाबरायचं."

काकींनी मान हलवली. विश्वास बसला नव्हता, पण दुखणं असह्य झालं होतं.

काम झाल्यावर मी विचारलं, "दुखलं?"

"नाय," त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. जराशा हिरमुसल्याच होत्या. अजून दोनदा यायचं होतं, पण दाढ वाचली होती.

इंजेक्शनने गाल बधिर झाला होता, डोळ्याच्या खालपर्यंत. दोन तासांत उतरेल, असं बाईंनी दोनदा सांगितलं. काकींनी ते ऐकलंच नाही. "डोळ्याखाली हात लावलेला कळत नाय गो. गेला," म्हणत त्यांनी दोन्ही डोळे मिटले ते मिटलेच. रोहा स्टेशनपर्यंत मी त्यांना हाताला धरून नेलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

परतीच्या वाटेवर कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा माझा धीर सुटला. "काकी, उघडा आता. काय ते एकदा कळू दे."

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि डावा हळूहळू उघडला. माझ्याकडे बघत राहिल्या. मला भलत्या शंका यायला लागल्या.

"कानाला गुलाबी रंग लागलाय तुझ्या," त्या म्हणाल्या. "सकाळपासून अशीच फिरतेस?"

पदराने माझा कान पुसता पुसता त्या रडायला लागल्या. मीही रडले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

कारखान्यात आलो तर आखणीला मूर्तीच शिल्लक नव्हती. चार दिवस काकी माझ्या शेजारी बसून सोवळी रंगवत होत्या, आणि वाईट रंगवत होत्या. पुढे गावात कुणाचा गाल सुजला की त्या स्वतःहून घरी जायच्या. "दाढ ऱ्हाते, डोळा ऱ्हातो. नि दुखत बी नाय. जा रोह्याला."

त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी आखणी केली. गेल्या तेव्हा गणपती आठवड्यावर आले होते आणि त्या सालचे सगळे डोळे आखून झाले होते. सोवळी तेवढी राहिली होती. ती मी खाली मान घालून रंगवली. मान वर केली की सगळीकडून काकीच बघत होत्या.