पुढचा तुकडा बघायचा नाही

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही दोघं रायगड जिल्ह्यातल्या एका बंदरापासून किनाऱ्याने दक्षिणेकडे चालायला लागलो आणि तीन दिवसांनी एका खाडीपाशी थांबलो. पाय सुजले होते, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. तिथे बसून ठरलं, की दर दिवाळीनंतर यायचं, मागच्या वर्षी जिथे थांबलो तिथूनच निघायचं आणि असं करत गोव्याची हद्द गाठायची. अट एकच होती. पुढचा तुकडा आधी बघायचा नाही. एकट्याने नाही, गाडीतून नाही, फोटोतसुद्धा नाही. जे दिसेल ते दोघांना एकदमच दिसलं पाहिजे. ही अट माझी नव्हती, त्याची होती. हे आधीच सांगून ठेवते.

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासू-सासरे होते, भिंती पातळ होत्या, आणि मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. किनाऱ्यावर ‘अरे’. स्वारगेटहून पहाटेची एस.टी. सुटली की घाटात कुठेतरी अहोचा अरे व्हायचा. मग ओहोटी बघून वाळूवरून चालायचं, भरती आली की सुरूच्या बनात शिरायचं, कडा सरळ पाण्यात उतरत असेल तिथे वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर चढायचं. खाडी आली की होडी. रस्ता विचारायचं काम माझं. हा इतका बुजरा, की कुणाला विचारण्यापेक्षा दोन कोस उलटा चालत गेला असता. अशी नऊ वर्षं गेली.

मग त्याने कारखान्यातली नोकरी सोडली, संध्याकाळचे वर्ग करून संगणक शिकला आणि खराडीला एका कंपनीत लागला. वारजे ते खराडी म्हणजे रोज अख्खं पुणं आडवं कापायचं. दिवाळीनंतर रजा मागितली की ‘रिलीज’ आडवं यायचं. सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं, की त्याचं ऑफिस सिनेमे काढतं. दोन वर्षं आम्ही गेलोच नाही. त्यातल्या एका वर्षी आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल नेमकी आमच्या पुढच्या तुकड्यातल्याच किनाऱ्याला निघाली. मी ताप आल्याचं सांगून घरी बसले. सगळ्याजणी परत आल्यावर वर्णन करायला लागल्या, तेव्हा मी वह्या तपासायच्या निमित्ताने उठून गेले.

तिसऱ्या वर्षी रजा मिळाली. पहिल्याच सकाळी आम्ही एक टेकाड चढलो आणि माथ्यावरून एकदम खाली पांढरी वाळू दिसली, लांबच लांब, तिच्यावर एकही माणूस नाही. त्याने माझा हात धरला. “अगं, बघ, बघ! काय आहे हे!” मला रडूच आलं. दोन वर्षं वाट बघितली त्याचं चीज झालं असं वाटलं.

पुढे सडा लागला. वाळलेलं गवत, काळा कातळ आणि तीन पायवाटा, तिन्ही सारख्या. मी नेहमीप्रमाणे कोणी गुराखी दिसतो का बघायला थांबले. हा थांबला नाही. सरळ डावीकडच्या वाटेने निघाला.

“तुला रे कसं कळलं?”

“अंदाज.”

अंदाज इतक्या झपाझप चालतो हे मला नवीन होतं.

वाडीत पहिल्याच घरी पाणी मागितलं. तांब्या घेऊन एक म्हातारी बाहेर आली, त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “ह्या खेपेला पोरं नाय आणलीत? लई दंगा केलेला त्यांनी.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? तो तांब्यात तोंड घालून पाणी पीत राहिला. एवढं पाणी मी त्याला कधीच पिताना पाहिलं नव्हतं.

वाडीबाहेर आल्यावर मी विचारलं, “अहो, कधी आला होतात?” किनाऱ्यावर मी त्याला पहिल्यांदा अहो म्हणाले.

मार्चमध्ये आला होता. लोणावळ्याला दोन दिवस ट्रेनिंग आहे असं घरी सांगितलं होतं, तेव्हा. ऑफिसातल्या मुलांना कळलं होतं, की सर कोकणात पायी फिरतात. त्यांनी गळ घातली, आणि याला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला रस्ता विचारत होतं.

“मग हाच तुकडा कशाला? नऊ वर्षांचे एवढे होते की.”

“ते आपले होते,” तो म्हणाला. “तिथे त्यांना न्यावंसं वाटलं नाही.”

तो खरंच बोलत होता. मागचं त्याने जिवापाड जपलं आणि पुढचं वाटून टाकलं, आणि यात काही चुकलं हे त्याला अजूनही दिसत नव्हतं.

“आणि मघाशी ते ‘बघ, बघ’?”

“तुझी मजा जाऊ नये म्हणून.”

मला फसवल्यासारखं वाटलं. वाटलं काय, फसवलंच होतं. एक वेळ तो समुद्र बघून आला हे मी गिळलं असतं. पण माझा हात धरून त्याने नवलाचं सोंग केलं आणि त्या सोंगावर मी रडले, याचा मला इतका राग आला की उरलेले दोन दिवस मी त्याच्या वीस पावलं पुढे चालले. रस्ते विचारले, पण फक्त माझ्यापुरते.

पुढच्या वर्षी त्याने आपणहून रजा टाकली, पिशव्या भरल्या, माझ्यासाठी नवे बूट आणले. मी गेले. नाही म्हणायला कारणही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची एक पाखाडी चढून आम्ही वर आलो आणि तो थबकला. समोर काहीतरी उघडलं होतं. “अगं...” एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, ओठ थरथरत होते. हे खरं असेल का? गेल्या वेळीही असंच दिसलं होतं का? भुवया अशाच वर गेल्या होत्या का?

त्या माथ्यावरून काय दिसतं ते मला माहीत नाही. मी सगळा वेळ त्याचा चेहरा तपासत होते.