देशावरचे, कोकणातले आणि एक वाटाणा

पत्र्याच्या कारखान्यात किस्से कातरणासारखे साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग. त्यातलं एखादं पायात घुसतं, ते जन्मभर ध्यानात राहतं. अंधेरीच्या इस्टेटीत आमचा डबे बनवायचा कारखाना होता, तेव्हाचं हे सगळं. ऐंशीनंतरची सालं. मी माणदेशातला, प्रेसवर. डोकं तापट. ते अजून तसंच हाय.

*

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आन् मॅनेजर साहेबांनी भाषण ठोकलं. म्हणाले, आज सुट्टी खरी, पण प्रत्येकाने दोन तास देशासाठी काम करायचं.

सावंत मालवणकडचा. त्याने हात वर केला.

"साहेबानू, मी कोकणातलो. देशावरच्यांका सांगा."

आन् चपला घालून निघाला की! साहेबांना काय कळेना. तवर उत्तरेकडचा यादव उठला. "हमारा तो मुलुक है, साब." तोही गेला.

राहिलो कोण? आम्ही घाटावरचे. दोन तास देशासाठी डबे ठोकले. साहेब म्हणाले, हे खरे देशाचे लोक.

सावंत गेटबाहेर चहा पीत होता. म्हणाला, "साहेब बरोबर बोलले. देशावरचेच ते."

*

राष्ट्रगीत म्हणायची आमची एक पद्धत होती. ज्याच्या त्याच्या प्रांताचं नाव आलं की तो तेवढ्यापुरता ओरडायचा. बाकी वेळ नुसते ओठ हलवायचे. यादवचा प्रांत त्यात न्हाई, म्हणून तो नद्या आल्या की छाती फुगवायचा.

सावंत रुसला. म्हणाला, "कोकणाचा नाव खंय आसा?"

सोलापूरकडचा कांबळे शेजारी उभा असायचा. त्याने जरा इचार केला.

"पुढं समुद्राच्या लाटा हायेत बघ. त्या घे तू."

तेव्हापासून लाटा आल्या की सावंतचा आवाज पार रस्त्यापर्यंत.

*

आमचं कँटीन अण्णा चालवायचा. केरळातला. बायकोमुलांसकट वरच्या पोटमाळ्यावर राहायचा. म्हंजे कँटीन गेलं की घरपण गेलं.

एकदा सांबार खारट झालं. मी भडकलो. म्हटलं, ए मद्रासी, समुद्र ओतलास का ह्यात?

तो शांतपणे म्हणाला, मद्रास मी बघितला पण नाय. मी म्हटलं, मग केरळ का काय ते, एकच.

त्याने मला दुसऱ्या वाटीत आमटी दिली. मग विचारलं, "तुम्ही कोकणवाला ना?"

मी ताट आपटलं. म्हटलं, मी? कोकणातला? माणदेश कुठं, कोकण कुठं!

"एकच ना," अण्णा म्हणाला, आन् फडकं घेऊन सांडलेलं पुसायला लागला.

सावंत हसून हसून खोकला. मला घाटी म्हटलेलं चालत न्हाई, पण कोकणातला म्हटलेलं त्याहून चालत न्हाई, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

*

पाकिस्तानबरोबर मॅच असली की अण्णाचा ट्रान्झिस्टर टेबलावर यायचा. त्या दिवशी कोण घाटी न्हाई, कोण भय्या न्हाई. सगळा एक देश. यादवच्या खांद्यावर सावंतचा हात.

आपण हरलो. मग ज्याने त्याने आपापल्या प्रांताचा खेळाडू सोडून बाकीच्यांना शिव्या घातल्या. देश पाच मिनिटांत फुटला.

मी ट्रान्झिस्टर फेकला. तोही फुटला.

दुसऱ्या दिवशी अण्णाने मला चहा दिला आन् रोजच्यासारखं विचारलं, साखर किती.

*

मग एक दिवस नाक्यावरचा पुढारी चार माणसं घेऊन गेटवर आला. म्हणाला, महाराष्ट्रातल्या कारखान्यात कँटीन मराठी माणसाचंच पाहिजे. माणूस पण शोधून ठेवलेला. सावंतचा मेव्हणा.

मीच सगळ्यात मोठ्यांदा ओरडलो, "आपला माणूस पाहिजे!" ओरडायला मला कारण लागत न्हाई.

साहेब घाबरले. म्हणाले, कामगारांनी ठरवावं, मतदान घ्या. पण चिठ्ठीवर लिहिणार कोण? आमच्यात अर्धे अंगठेबहाद्दर. कांबळेने तोड काढली. हरभरा टाकला तर अण्णा राहील, वाटाणा टाकला तर जाईल. पोत्याचा पडदा लावला. मागं हरभऱ्याचं एक ताट, वाटाण्याचं एक, आन् मधी चहाची किटली.

सगळ्यांचं झाल्यावर कांबळे म्हणाला, आता अण्णा.

पुढारी तडकला. "त्याला कसलं मत? तो बाहेरचा."

कांबळेने आवाज चढवला न्हाई. "जेवतो हितं, झोपतो हितं. मग मत द्यायला कुठं जाऊ दे?"

अण्णा हात पुसत पडद्यामागं गेला आन् आला. वर पोटमाळ्यावरनं त्याची बायको वाकून बघत होती.

पुढाऱ्याने स्वतः किटली ताटात उपडी केली. हरभरे. सगळे हरभरे. बोटानं चिवडले तेव्हा एक वाटाणा निघाला.

तो सावंतकडे वळला. "निदान तू तरी मेव्हण्याला दिलंस."

"वाटाणो माझो न्हय," सावंत म्हणाला. "मी मेव्हण्याच्या हातचा जेवलंय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आईची शपथ घेतली, माझा न्हाई. कोणाला पटेना. ओरडलो मीच होतो ना! मी बाह्या सरसावल्या.

"वाटाना माझा," अण्णा म्हणाला.

अण्णाने पुढाऱ्यापुढं चहा ठेवला.

"सगले हरभरे निघाले असते तर तुम्ही बोलला असता, मतदान खोटा. एक तरी उलटा पायजे ना साहेब."

पुढारी चहा न पिता गेला. त्याची चार माणसं मात्र पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णाने ते हरभरे वाया जाऊ दिले न्हाईत. त्यात आणखी भर घालून उसळ केली. तो एकटा वाटाणा नेमका माझ्या ताटात आला.