हबसाणातून आलेली बहीण

माझा स्वभाव मुळातच हेवेखोर. आता केस पिकल्यावर हे कबूल करण्यात मोठेपणा काही नाही, तेव्हा कबूल केलं असतं तर गोष्ट वेगळी. बारा-तेरा वर्षांची असताना मला गावात एकच मान होता, तो म्हणजे हुशारीचा. रूप बेताचं, आवाज घोगरा, स्वयंपाकात लक्ष नाही. पण रेवदंड्याच्या अलीकडे आमच्या त्या नारळी-पोफळींच्या गावात शाळेतला पहिला नंबर माझा. मोडी तर मी अशी घडाघडा वाचायचे की जमिनीचे जुने कागद घेऊन मोठी माणसं माझ्याकडे यायची. मुंबईहून बोटीने आलेलं वर्तमानपत्र संध्याकाळी ओटीवर मोठ्याने वाचून दाखवायचं कामही माझंच. दहा-बारा पुरुष सुपारी कातरत ऐकत बसायचे, आणि मी मध्येच थांबून पाणी प्यायले तर तेही थांबायचे.

मग ती आली.

ती माझी चुलतबहीण, माझ्याहून चार महिन्यांनी लहान. तिचे वडील, म्हणजे माझे काका, एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून हबसाणात गेले होते, ते थेट आफ्रिकेत, हबशांच्या राजधानीला. काकूही गेली आणि ही तिकडेच जन्मली. आमच्या गावात त्याचा एक घोळच होऊन बसला होता, कारण खाडीपलीकडच्या जंजिऱ्याच्या मुलखालाही जुनी माणसं हबसाणच म्हणायची. त्यामुळे निम्म्या गावाची समजूत अशी, की काका मुरुडला नोकरीला आहेत आणि शिष्ट झालेत. आमच्या वाडीत शिंपणं करायला येणारी बाई दर गणपतीत खाडीकडे हात करून आईला ऐकवायची, "खारी उतरून यावाचा तर हाय, ता पन जमत न्हाय त्यांना!"

इटलीच्या फौजेने ते राज्य घेतलं, पेढीला टाळं लागलं, आणि सदतीस-अडतीसच्या सुमाराला तिघं एक ट्रंक घेऊन रेवदंड्याच्या धक्क्यावर उतरली. काका वाळून काटकी झाले होते. तिकडचं कुणी काही विचारलं की म्हणायचे, "राहू द्या हो ते." काकू नुसती डोळे पुसायची. बोलायची ती एकटी. तेही थोडं, पण ते थोडंच मला पुरून उरलं.

पहिल्याच दिवशी शाळेत मजा झाली. मास्तर वर्गात शिरले, आम्ही नेहमीप्रमाणे रेंगाळत उठलो. ही मात्र ताडकन उभी राहिली, टाचेला टाच जुळवली आणि उजवा हात समोर ताठ वर केला. मास्तर दचकून मागे सरले. सगळा वर्ग हसला, सगळ्यांत जास्त मी हसले. तिला कळेना काय चुकलं. हात खाली आणावा की नको हेसुद्धा तिला समजत नव्हतं. शेवटी मास्तरांनीच तो हलकेच खाली केला आणि म्हणाले, "इथे नुसता नमस्कार पुरतो हो, बाळ." हिला कसलं येतंय, असं म्हणून मी त्या दिवशी पोटभर जेवले.

मराठी ती बोलायची, पण जुनाट, आईकडून ऐकलेली आणि मध्येच गुजराती मिसळलेली. लिहिता-वाचता काहीच येत नव्हतं. मास्तरांनी तिला माझ्या हवाली केलं. मी तिला बाराखडीपासून शिकवलं, जोडाक्षरं घोटून घेतली, चुकली की पट्टीही मारली. मला वाटलं, हिला दोन वर्षं तरी लागतील. ती पाच महिन्यांत माझ्या बरोबरीला आली, आणि पावसाळा सरेपर्यंत तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार झालं. मोडीसुद्धा शिकली. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात, ते मला तेव्हा समजलं.

ओटीवरही तेच. मी तिकडच्या लढाईच्या बातम्या वाचायचे, आणि सुपारी कातरणारी मंडळी माझ्या डोक्यावरून मागे दाराआड उभ्या असलेल्या तिला विचारायची, "काय गो, खरं हे? तू पाहिलंस?" ती म्हणायची, "हो. आमच्या शाळेत सैनिक राहत होते." तेवढ्या चार शब्दांवर माझं वर्तमानपत्र रद्दी व्हायचं.

वाडीत पाटाच्या कडेला बसून ती मला तिकडच्या शाळेचं सांगायची. आधी तिची शाळा तीन भाषांची होती. सकाळी देशाची हबशी भाषा, तिची अक्षरंच दोनशेच्या वर. मग फ्रेंच, आणि दुपारी अरबांच्या मुलांबरोबर थोडी अरबी. लढाई आली आणि शाळा बंद झाली. सैनिकांनी बाकं चुलीत घातली. काही महिन्यांनी शाळा उघडली तेव्हा भिंतीवरचा नकाशा नवा, तसबीर नवी, हात ताठ करायचा सलाम नवा, गाणं नवं, बाई नव्या. जुनी पुस्तकं सगळ्यांनी घरून आणून अंगणात ढीग करायचा, असा हुकूम निघाला. आता फक्त इटलीची भाषा. आवारात दुसऱ्या भाषेत बोलेल त्याने गुडघ्यांवर उभं राहायचं. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. "तीही शिकले," ती म्हणाली.

कुणाही शहाण्या मुलीने हे ऐकून हळहळायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते असं: हिला चार भाषा, मला एक. हिच्या दारात फौज आली, माझ्या दारात कोळीण येते. आमच्याकडेही राज्य परक्याचंच, पण ते आजोबांच्या आजोबांच्या वेळी येऊन बसलेलं. आमचा गोरा साहेब कुणी पाहिलासुद्धा नव्हता. मला शत्रूही धड लाभला नाही, म्हणून मी तिचा हेवा केला. आज लिहितानाही लाज वाटते.

तिची एक सवय मला फार खुपायची. धडा झाला की ती ओल्या हाताने पाटी लगेच पुसून टाकायची. तांदळाच्या कणगीमागे तिने एक वही लपवली होती. ती मी शोधून काढली. आत तीन तऱ्हांची लिपी, बारीक, सुंदर, पानंच्या पानं. मी तिला म्हटलं, "मला शिकव की यातलं." तिने वही माझ्या हातातून ओढून घेतली. गोरीमोरी झाली. "कुणाला सांगू नकोस हं," एवढंच म्हणाली. मी ठरवलं, ही चिक्कू आहे. मी हिला बाराखडीपासून शिकवलं आणि ही विद्या दडवून ठेवते.

सातवीचं वर्ष संपत आलं. पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी आमच्या शाळेतून एका मुलीची शिफारस व्हायची होती. जेवणखाण, राहणं, शिक्षण सगळं मोफत. शिफारस करणार दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला वर्षातून एकदा येणारे साहेब. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ओटीवर सांगून टाकलं, "दिपोटी जिचं नाव लिहितील ती पुण्याला जाईल. दुसरीला रोह्याचं स्थळ आहे." रोह्याचं स्थळ म्हणजे किराणा दुकानदार, तीन मुलांचा बिजवर. आम्ही दोघींनी ते ऐकलं.

दिपोटी आले तेव्हा शाळा सारवली होती, दाराला आंब्याचं तोरण होतं. गणितात दोघी बरोबर. शुद्धलेखनात दोघी बिनचूक. मोडीत मी किंचित सरस, अक्षरात ती. दिपोटींनी चष्मा काढून पुसला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सरळ माणूस. ते म्हणाले, "साहेब, ही मुलगी परदेशी शाळेत शिकलेली आहे. दाखल करताना हिचे वडील म्हणाले होते, हिला तिकडच्या भाषा अवगत आहेत."

दिपोटींचा चेहरा खुलला. "असं? कोणकोणत्या भाषा येतात बाळ तुला?"

मी खाली मान घातली. संपलं, मी मनात म्हटलं. आता ही चार भाषांत बोलेल आणि मी रोह्याला डाळ-तांदूळ निवडेन.

ती उभी राहिली. हात दोन्ही अंगाला चिकटवलेले. "मला मराठीच येते, साहेब."

"दुसरी कुठलीच नाही?"

"नाही."

मास्तर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय गो, तुमच्याच घरात राहते ही. तू तरी कधी ऐकलं असशील? काही लिहिताना पाहिलं असशील?"

मी उठले. ती माझ्याकडे पाहत होती. ती का नाही म्हणाली हे मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची मला गरजही वाटत नव्हती. माझ्या छातीत नुसता आनंद धडधडत होता. मी मोठ्याने म्हटलं, "नाही मास्तर. मी कधीच पाहिलं नाही."

दिपोटींनी माझं नाव लिहिलं.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी वाडीतून घरी निघालो. मी पुढे, ती मागे. आता ही रडेल किंवा भांडेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. पोफळींच्या रांगेत तिने मागून माझा हात धरला.

"तू सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू सांगशील."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तिकडे आमच्या जुन्या बाई घरी बोलावून आम्हाला चोरून शिकवायच्या. पाच मुली होतो. एक दिवस शाळेत असेच साहेब आले. हसून विचारलं, कुणाकुणाला जुनी भाषा लिहिता येते, बक्षीस देऊ. माझ्या शेजारची उठली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मग मला विचारलं, कुणी शिकवलं. मी घाबरून बाईंचं नाव सांगितलं." तिने हात सोडला नव्हता. "त्या दुपारी बाईंना घेऊन गेले. परत आल्याच नाहीत. आज मास्तर तुझ्याकडे वळले तेव्हा मला वाटलं, आता विचारतील हिला कोण शिकवतं, आणि आपले मास्तर जातील. तू वाचवलंस गो त्यांना. आणि मला. तुझ्यासारखी बहीण मला तिकडे असती तर."

मी पुढे पस्तीस वर्षं मास्तरीण होते. शेकडो मुलांना शिकवलं, की माहीत असेल ते न भिता उठून सांगावं. पण त्या दुपारी मला एवढंच सांगायचं होतं, की अगं वेडे, इथले साहेब तसले नाहीत, इथे येतं म्हणणाऱ्याला कुणी नेत नाही, उलट पुण्याला पाठवतात. पोफळींच्या फटीतून शाळा दिसत होती. दिपोटींच्या छकड्याचे बैल अजून सोडलेलेच होते. मास्तरांच्या घरी त्यांचा चहा चालला असणार. धावत गेलं असतं तर शंभर पावलंही नव्हती.

ती माझ्याकडे इतक्या मायेने पाहत होती, की मला तिच्या त्या मायेचाही हेवा वाटला.

"चल लवकर," मी म्हटलं. "काकू वाट बघत असेल."