मारीबायचा हेका

मारीबाय सकाळी बाजाराला निघाली की आमच्या कारखान्याच्या फाटकाशी थांबायची आणि रखवालदार सावंतला विचारायची, "माजी विहीर बरी हाय ना?" तो हो म्हणाला की पुढे जायची. अंधेरीला औद्योगिक वसाहत झाली तेव्हा तिची भातखाचरं गेली आणि विहीर आमच्या भिंतीच्या आत आली. रोजचा तो प्रश्न ऐकून आम्ही कचेरीतले कारकून हसायचो. 'हेकट म्हातारी' हे नाव तर मीच ठेवलेलं.

मग तिच्या धाकट्या मुलीचं, रोझीचं लग्न ठरलं. गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. पण नव्या मॅनेजरसाहेबांनी बाहेरच्यांना आत येण्याची बंदी केली होती. दुपारी चारला मारीबाय लाल लुगडं नेसून, घागरी घेतलेल्या बायका आणि बँडवाले यांच्यासह हजर झाली. तिची समजूत घालायला साहेबांनी मला पिटाळलं.

मी कचेरीतल्या नळाचं पाणी देऊ केलं. ती ऐकेना, तेव्हा हेका सोड म्हटलं.

"दुसऱ्याचं मागतो तो हट्ट, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "आपलं हाय ते सोडत नाय, तो हेका. मोठ्या दोघी याच पाण्यानं न्हायल्या. धाकटीला काय नळाखाली बसवू?"

आणि तिने फाटकातच बैठक मारली. बायकाही बसल्या. बँडवाल्यांना मात्र तिने बसू दिलं नाही, वाजवत राहायला सांगितलं. आत कोणाला फोनवरचं अक्षर ऐकू येईना, मालाचा ट्रक रस्त्यातच अडकला. पाऊण तासाने साहेब स्वतः आले, विहिरीच्या कुंपणाची किल्ली माझ्या हातात कोंबली आणि तरातरा परत गेले. कुलूप काढताना मला भलताच आनंद झाला होता, पण चेहरा मी कारकुनाचाच ठेवला.

पाण्यावर पालापाचोळा साचला होता. मारीबायने पायऱ्या उतरून तो हाताने बाजूला सारला. इतका वेळ ताठ असलेली ती बाई पहिली घागर भरताना रडली. मला माझी लाज वाटली.

चार वर्षांनी मारीबाय गेली. तिला मातीला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सावंत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आता विहीर बरी आसा म्हणान कोणाक सांगू?"

मी म्हटलं, मला सांग. रोज सांग.