अकराशे चाळीस स्लीपर

रेल्वेत चौतीस वर्षे चावीवाल्याचे काम केलेल्या माणसाचे पाऊल ठरलेले असते. रुळाखालच्या दोन स्लीपरमध्ये साधारण साठ सेंटीमीटर अंतर असते आणि रोज त्यांच्यावरून चालणाऱ्याचे पाऊल तेवढेच पडू लागते. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचे कवडू थूल आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, तरी किराणा दुकान घरापासून किती लांब आहे, असे कोणी विचारले तर ते म्हणतात, "जास्त नाई, तीनशे दहा स्लीपर."

सिंदी आणि तुळजापूर या स्टेशनांमधला सहा किलोमीटरचा रूळ त्यांच्याकडे होता. उजाडायच्या आधी खांद्यावर हातोडा टाकून निघायचे, रूळ धरून ठेवणारी एखादी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची आणि त्याच वाटेने परत यायचे. आठवड्यातून एक दिवस सुटी. सुटीच्या दिवशी पाय घरात बसू देत नसत. मग आदल्या दुपारी काम संपले की घोंगडी, भात शिजवायचा गंज, मूठभर मीठ आणि शेरभर तांदूळ घेऊन ते केळझरच्या टेकड्यांकडे जात, रात्र तिथेच काढत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतत. या उद्योगाला काही नाव असते, त्यासाठी लोक हजारो रुपयांच्या बॅगा घेतात, हे त्यांना साठी उलटल्यावर कळले.

पत्नी कमलाबाई यांचे मत वेगळे होते. "कायच्या टेकड्या न् कायचं काय. सिंदीले पत्ते कुटत बसत होते," असे त्या तीस वर्षे सांगत आल्या.

कवडूंच्या हाती सायकल आली ती मुलामुळे. अंकितने लॉकडाऊनमध्ये एकवीस गिअरची, जाड टायरची सायकल घेतली आणि अकरा दिवस चालवली. त्यानंतर कमलाबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागल्या. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात कवडूंनी टॉवेल काढले, पाना घेतला आणि सायकलचा एकेक नट टकटक वाजवून पाहिला. सैल नटचा आवाज वेगळा येतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

डोंगरवाटांनी सायकल चालवणाऱ्या एका छोट्या गटाशी त्यांची गाठ पडली तीही या टकटकीमुळेच. वर्षाली पोहाणे ही कृषी सहायक गटाची म्होरकी. गोपालचे मोटार वायंडिंगचे दुकान आहे. ऋतिक घोडमारे हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतो आणि शुक्रवारी रात्री सायकल घेऊन वर्ध्याला येतो. रस्त्याच्या कडेला वर्षालीच्या सायकलचा कुठला तरी भाग खडखडत होता आणि तिघांना तो सापडत नव्हता. कवडू थांबले, चार ठिकाणी पाना वाजवला आणि म्हणाले, "हे पाय, इथं बोलून राह्यलं." तेव्हापासून त्यांच्याशिवाय गट निघत नाही.

या गटाचा एक नियम आहे. वाटेत जिथे थांबा होईल तिथे प्रत्येकाने भटकंतीचा एक किस्सा सांगायचा. जागा जिल्ह्यातली असेल तर ती वर्षभरात सगळ्यांना नेऊन दाखवायची, बाहेरची असेल तर फोटो दाखवायचा. दाखवता आले नाही तर पुढच्या मुक्कामाची सगळी भांडी घासायची. नियम वर्षालीने केला आणि तो बहुतेक वेळा ऋतिकलाच भोवला.

जानेवारीत केळझरच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेताना ऋतिकने हिमाचलमधले अस्वल सांगायला काढले. तंबूच्या बाहेर अस्वल, आत तो, मध्ये कापडाचा एक पदर.

"फोटो?" वर्षालीने हात पुढे केला.

फोटोत बर्फ होता आणि बर्फावर एक काळा ठिपका.

"हे अस्वल आहे?" गोपालने मोबाइल डोळ्याजवळ नेला. "मले तं गुलाबजामुन दिसून राह्यला."

"लांबून काढला ना बे!"

"आता तं म्हणत होता, कापडाच्या पलीकडंच होतं."

ऋतिकचा निकाल तिथेच लागला. विषय बदलायला त्याने कवडूंना विचारले, "काका, तुम्ही कधी राह्यले काय जंगलात? खरंखरं?"

कवडूंनी बशी खाली ठेवली आणि सांगितले. याच टेकड्यांवर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावाच्या गायरानात एक नाला आहे. होळीनंतर तो कोरडा पडतो. पण त्यात एका जागी झिरा आहे, त्याचे पाणी मे महिन्यातही आटत नाही. एकदा ते भात शिजवत असताना पाच रोही, म्हणजे नीलगायी, पाणी प्यायला आल्या आणि त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी गंज उचलून कवडूच बाजूला झाले.

"मे महिन्यात पाणी?" ऋतिकला जोर आला. "इथं? काका, तुमचं अस्वल माह्यापेक्षा मोठं निघालं."

"दाखवतो," कवडू म्हणाले. "मार्चमधी चला. पाणी घ्यायची गरज नाई."

त्यांनी हे घरी सांगितले, हीच चूक झाली. कमलाबाईंना सायकल विकायचीच होती; ती घरी उभी असली की त्या अजूनही तिच्यावर टॉवेल टाकत. या वयात पडले तर हाड जुळत नाही, असे त्यांच्या बहिणीच्या डॉक्टरने सांगितले होते. अंकितने नागपूरचे गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते.

"झिरा खरा आहे ना?" कमलाबाईंनी विचारले.

"हाव."

"मंग भेटला तं सायकल राहू द्या. नाई भेटला तं त्या गिऱ्हाइकाले बोलावतो. मंजूर?"

तीस वर्षे पत्त्यांचा आरोप ऐकलेला माणूस याला नाही म्हणू शकत नव्हता. साक्षीदार म्हणून वर्षालीचे नाव ठरले, कारण ती खोटे बोलत नाही आणि सरकारी नोकरीत आहे, असे कमलाबाईंचे म्हणणे. वर्षालीला फोन करून त्यांनी बजावले, "बाई, त्याइच्याकडून बोलू नको. जे दिसन तेच सांगजो."

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी चौघे पहाटे पाचला निघाले. गायरानात मुक्काम करणार म्हणून गावच्या सरपंचांना आधीच कळवले होते. गोपालच्या सायकलला तांदूळ, डाळ आणि गंज बांधलेला, वर्षालीकडे दोन तंबू, ऋतिककडे संत्री. पाणी प्रत्येकी दोन बाटल्या. केळझरच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून त्यांनी डांबरी रस्ता सोडला आणि बैलगाडीच्या वाटेने चढायला सुरुवात केली.

कवडू पुढे होते. शेंदूर लावलेला एक धोंडा त्यांनी लांबूनच ओळखला. तिथून वाट नाल्यात उतरते. चढ संपला, उतार लागला, सायकली पळू लागल्या आणि कवडूंच्या चेहऱ्यावरचा आनंद कमी होत गेला. नाला सगळीकडे सारखाच होता. पांढरी वाळू, काळे दगड, दोन्ही काठांना पळस फुललेला. साडेनऊला एका सावलीत थांबून सगळ्यांनी संत्री खाल्ली. ऋतिकने अस्वलाची गोष्ट पुन्हा सांगितली, यावेळी अस्वल थोडे मोठे होते. मग ते नाल्याच्या कडेने आणखी दोन किलोमीटर गेले, परत आले, दुसऱ्या फाट्याने गेले. अकरा वाजले. बाटल्या संपत आल्या.

"काका, मोहाचं झाड वगैरे काही खूण होती काय?" वर्षालीने विचारले.

"खूण कायची? मले खुणेची गरज कधी पडली नाई. सरळ जात होतो न् पोहोचत होतो."

"अंदाजे किती लांब? धोंड्यापासून?"

"अकराशे चाळीस," कवडू लगेच म्हणाले.

"काय अकराशे चाळीस?"

"स्लीपर."

मग गोपाल हसत सुटला. "काका, अहो, सायकलवर बसून स्लीपर कसे मोजान?"

चूक साधी होती. सायकलवर बसलेल्या माणसाला पाऊल नसते. कवडूंना वाट डोळ्यांनी नव्हे, पायांनी ठाऊक होती आणि त्या दिवशी पहाटेपासून त्यांचे पाय पेडलवर होते.

सगळे धोंड्यापर्यंत परत गेले. कवडू सायकलवरून उतरले, पाच-सात पावले चालले आणि थांबले.

"जमून नाई राह्यलं. खांदा हलका आहे."

"म्हणजे?"

"हातोडा पाह्यजे. खांद्यावर वजन नसलं तं पाय लांब पडते."

हातोडा नव्हता. तांदूळ-डाळीसकट गंज फडक्यात बांधून त्यांच्या उजव्या खांद्यावर दिला. ते परत धोंड्यापाशी गेले, नजर खाली वळवली आणि निघाले. तिघे सायकली ढकलत मागून. कोणी बोलायचे नाही, असा वर्षालीचा हुकूम होता. ऋतिकला हसू आवरत नव्हते, म्हणून त्याने रुमाल तोंडात धरला होता.

नऊशेला कवडू नाल्यात उतरले. अकराशेला वेग तोच होता. अकराशे चाळीसला ते थांबले आणि गंज खाली ठेवला.

पायाजवळ संत्र्यांची साले पडली होती.

"ही तं आपली सकाळची जागा," गोपाल म्हणाला.

"इथंच मी बसलो होतो," ऋतिक म्हणाला. "काका, इथं पाणी कुठं आहे? वाळू आहे नुसती."

कवडूंनी त्याच्याकडे पाहिले. "झिरा म्हंजे काय समजला तू? नळ आहे काय? उकरा लागते."

ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाळू बाजूला सारू लागले. गोपालने ताटली घेतली, वर्षालीने तंबूचा खुंटा. कोपरभर खोलीवर वाळू ओली लागली. आणखी वीतभर गेल्यावर तळाशी गढूळ पाणी जमू लागले. कवडूंनी ते दोनदा उपसून टाकले आणि सांगितले, "आता हात नका लावू. निवळू द्या." अर्ध्या तासाने खड्ड्यात गंज बुडेल इतके पाणी होते आणि त्यात पळसाचे एक फूल पडलेले स्पष्ट दिसत होते. ते गाळून, उकळून प्यायले तेव्हा चव वाळूची होती. गोपाल तीन पेले प्यायला.

वर्षालीने टेकडीवर चढून रेंज मिळवली आणि कमलाबाईंना फोन लावला. "काकू, पाणी भेटलं. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

पलीकडून कमलाबाई म्हणाल्या, "एक बाटली भरून आणजो."

दुपारी खिचडी झाली. संध्याकाळी, ऊन पिवळे पडल्यावर, तंबू नाल्यापासून दूर वरच्या माळावर लावले, कारण पाण्यावर जनावरांचा हक्क आधी, असे कवडूंनी सांगितले. रोही आल्या, पण दोनच आल्या, आणि लांबूनच. ऋतिकने फोटो काढला. त्यात दोन ठिपके आले.

"गुलाबजामुन दोन," गोपालने नोंद केली.

भांडी ऋतिकलाच घासावी लागली. अस्वल सिद्ध झाले नव्हते, शिवाय जंगलात साले टाकल्याचा दंड वेगळा होता. त्याचे म्हणणे, ती साले नसती तर जागा ओळखू आली नसती, म्हणून दंड माफ व्हावा. कवडूंनी गंजाला टकटक केली, काठावर खिचडीचा राहिलेला थर दाखवला आणि म्हणाले, "इथं अजून बोलून राह्यलं."

रविवारी दहाच्या सुमाराला ते घरी पोहोचले. कमलाबाईंनी बाटली उन्हात धरून पाहिली.

"कोणत्याबी नळाचं पाणी असंच दिसते," त्या म्हणाल्या.

"तं मंग चाल तिथं. दाखवतो."

"चालत?"

"मंग काय. धोंड्यापासून अकराशे चाळीसच तं आहे."

कमलाबाईंनी झाकण काढून एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि बाटली जपून बुद्धाच्या मूर्तीजवळ न ठेवता सरळ माठात रिकामी केली. दुपारी अंकितने गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले. संध्याकाळी कमलाबाईंनी दुकानातून नायलॉनची दोरी आणवली आणि अंगणात पेरूच्या झाडापासून खांबापर्यंत बांधून घेतली. टॉवेल आता तिच्यावर वाळतात.