खोक्यातली बदकं

पोंभुर्ण्यात मी भाड्याने राहते ती खोली एका माणसाला पुरून उरते. नोकरी लागल्यापासून मायने माझ्याकडे राहायला यावं, एवढंच मला हवं होतं. बाबा गेल्यानंतर ती सावलीकडच्या आमच्या गावात एकटीच असते. दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करून तिने मला शिकवलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता तिला बसून खाऊ घालावं असं वाटतं. पण तिचं उत्तर ठरलेलं. "कोंबड्या-बदकांले कोणाच्या भरोशावर सोडू?"

मागच्या रोवणीच्या दिवसांत रविवारी गावी गेले. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवायची आमच्याकडे रीत आहे. पिल्लं निघाली आणि लगेचच कोंबडीला मुंगसाने नेलं. पाच पिवळी पिल्लं चुलीजवळच्या डालग्यात एकमेकांवर चढून बसली होती. माय दिवसभर रोवणीवर, त्यांना ऊब कोण देणार? मी म्हटलं, मी नेते.

माय हसली. "हापिसात पिशवीत घालून नेशील का?"

पिल्लं माझ्याकडे असली तर त्यांना पाहायला तरी माय येईल, असं माझ्या मनात होतं. ते मी बोलले नाही.

कूलरचं रिकामं खोकं मिळालं. तळाला प्लास्टिक घातलं, त्यावर राईस मिलमधला धानाचा तूस जाड पसरला. एका कोपऱ्यावर पिवळा बल्ब टांगला, दुसरा कोपरा थंड ठेवला. पिल्लं बल्बखाली दाटीने बसली की बल्ब खाली घ्यायचा, दूर सरकली की वर. संध्याकाळी कचेरीतून येऊन कुलूप काढू लागले की आतून चिवचिवाट सुरू व्हायचा. मी आल्याचं कोणाला कळतंय, हे त्या खोलीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग तळ्याच्या गावात वाढलेल्या माणसाने करावी तशी चूक मी केली. बदकं म्हणजे पाणी. सुट्टीच्या दिवशी मोठी परात भरून पिल्लं त्यात सोडली.

घरमालकीण दारातून डोकावली. "मॅडम, खोलीत तलाव बांधून राह्यल्या का?"

आम्ही दोघी हसलो. पिल्लं थोडा वेळ मजेत पोहली. मग त्यांची लव भिजून अंगाला चिकटली आणि ती मान टाकून थरथरू लागली. त्यांना टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं, बल्ब खाली ओढला, मायला फोन लावला.

"पाण्यात काऊन सोडलं वो?"

"बदकं आहेत ना ती?"

"बदकीण संगं असली तं. तिच्या पखांचं तेल पिलांच्या अंगाले लागते. याईले कोणाचं लागंल?"

दुसऱ्या दिवशी कोंबड्या-बदकं शेजारणीवर सोपवून, रोवणीचा खाडा करून, मूलच्या स्टँडवर गाडी बदलून ती आली. सगळ्यात अशक्त पिल्लू तिने पदरात घेतलं ते दुपारपर्यंत सोडलं नाही. पाचही वाचली. पंख फुटेपर्यंत ती राहिली.

रोज सकाळी आम्ही मिळून खोकं साफ करायचो. पिल्लं चोचीत पाणी घेऊन उडवतात, तूस भिजतो, वास सुटतो. ओला तूस काढून घरमालकिणीच्या पपईच्या झाडाखाली टाकायचा, तळ गरम पाण्याने पुसून कोरडा करायचा, नवा तूस पसरायचा. मी ताटलीवर चाळणी पालथी घालून तिच्यावर पाण्याची वाटी ठेवली. सांडलेलं पाणी ताटलीत पडू लागलं, तूस कोरडा राहिला.

"फी वाया नाई गेली वो तुही," माय म्हणाली.

संध्याकाळी दार उघडंच असायचं. भाताचा वास यायचा. मायने रोवणीचं नावही काढलं नव्हतं. मला वाटू लागलं, राहिलीच बहुतेक.

पंख फुटल्यावर बदकं खोक्यात मावेनाशी झाली. एका सकाळी मायने डालगं काढलं आणि त्यावर जुनं लुगडं बांधू लागली.

"माय, तू इथीच राह्य ना."

ती गाठ मारत राहिली.

"मग एक तरी ठेव मले."

"एकटं बदक राह्यत नाई वो. दिवसभर वरडत बसते, खात नाई..." बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "मले तिथीच करमते, बाई. तू येत जाय."

तिला गाडीत बसवून परतले आणि खोकं शेवटचं साफ केलं. तूस काढला, तळ पुसला, चाळणी घासून फडताळात ठेवली. नवा तूस घालायला पिशवीत हात गेला, तेव्हा कुठे थांबले.

संध्याकाळी फोन आला. "पोचली मी. तळ्यात सोडली. कशी पोहून राह्यली पाह्य." फोनमधून बदकांचा कालवा ऐकू आला. ती फोन ठेवेपर्यंत मी तो ऐकत राहिले.

मग लक्षात आलं, सकाळी सवयीने लावलेला बल्ब रिकाम्या खोक्यावर अजून जळत होता. उठून बटण बंद केलं.