तिसऱ्या खदानीतले मासे

भामाबाईनं जन्मात कधी कुणाच्या हातावर नासकं ठेवलं नाही, आणि त्यापायीच तिचं वाटोळं झालं. लोक म्हणतात, चांगल्याचं चांगलंच होतं. म्हणू द्या. म्हणायला काय जातं?

ही सवय तिला भूकंपानं लावली. किल्लारीच्या आसपासची जी गावं पडली त्यातल्या एका गावात तिचा नवरा गेला, दोन लेकरं गेली, आणि ही एकटी मातीतून निघाली. मग शहरांतून ट्रक यायला लागले. काही लोकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलं, खोटं कशाला बोलायचं. पण काहींनी या निमित्तानं घरातला उकिरडा साफ करून घेतला. भामाबाईनं पदर पसरला तेव्हा ट्रकवरच्या माणसानं त्यात बुरशी आलेला पाव आणि एका पायाची चप्पल टाकली, आणि वर म्हणाला, "घ्या, भांडू नका." लेकरांना अग्नी देऊन ती तशीच त्या रांगेत येऊन उभी राहिली होती. तो पाव तिनं खाल्ला. भूक कुणाची वाट बघते? पण आपल्या हातून कुणाला सडकं-किडकं जाणार नाही, हे तिनं तिथंच मनाशी धरलं. पुढं शेजारणीला वाटीभर पीठ द्यायचं झालं तरी चाळून द्यायची. दारात मागायला आलेल्याला शिळी भाकर देणं तिला जमायचं नाही, त्याच्यासाठी ती पुन्हा चूल पेटवायची.

नव्या गावात तिच्या वाट्याला सरकारी घर आलं. ते दिरानं गिळलं. "एकट्या बाईला दोन खोल्या कशाला?" असं म्हणून बसवंतनं एका खोलीत म्हशी बांधल्या आणि दुसरीत कडबा रचला. चार माणसं मधे पडली, चहा पिऊन गेली.

नवं गाव बांधायला दगड आणि मुरूम जिथून काढला तिथं तीन खदानी उरल्या होत्या. त्यात पाणी साचलं. बायकांच्या बचत गटानं ग्रामपंचायतीकडून त्या ठेक्यानं घेतल्या आणि त्यात रोहू, कटला सोडले. राखण करायला कुणीतरी तिथंच राहणारं पाहिजे होतं. गटाची अध्यक्ष शिवगंगा मोठी हिशेबी बाई. तिनं भामाबाईला हाक मारली, आणि तिसऱ्या खदानीच्या काठावर पत्र्याची एक खोली उभी राहिली. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला पोतं. उन्हाळ्यात आत भाकर न भाजता करपायची. पण भामाबाईला वाटलं, चला, डोक्यावर छप्पर आलं, आता इथंच डोळे मिटू.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग गावातल्या व्यंकटरावची नजर खदानींवर गेली. ट्रॅक्टरवाला, ठेकेदार माणूस. खदानी बुजवून प्लॉट पाडायचे त्याच्या मनात होतं आणि पंचायतीत त्याचं वजन होतं. शेवटी ठरलं असं की, यंदा ज्या खदानीत मासे जगतील ती गटाकडे राहील, जिच्यातले मरतील ती व्यंकटरावकडे जाईल. तिसरी सगळ्यात मोठी, आणि भामाबाईची खोली तिच्याच काठावर.

"मासे जगले तर तू इथली," शिवगंगा तिला म्हणाली. "न्हाई जगले तर आम्ही तरी काय करावं, तूच सांग."

आणि त्याच साली माशांना रोग लागला. अंगावर लाल चट्टे, खवले गळायला लागले. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. दाळमिलच्या रिकाम्या गोदामात पत्र्याखाली पोरं दाटीवाटीनं बसायची, आणि गावोगावचे आईबाप आपापलं पोर डॉक्टर होणारच म्हणून घरी पेढ्याचा विचार करायचे. तसल्याच एका क्लासात कलीम सर जीवशास्त्र शिकवायचा. लातूरच्या जुन्या टिनसाजाच्या, पत्र्याचे डबे-बादल्या घडवणाऱ्याच्या घरातला मुलगा. माशांच्या रोगांवर शिकला होता, पण त्या शिक्षणाला मराठवाड्यात नोकरी नव्हती, म्हणून फळ्यापुढं उभा राहिला. शिवगंगाची भाची त्याच्याकडं शिकलेली. तिच्या शब्दाखातर एका रविवारी तो मोटारसायकलवर आला.

काठावर उकिडवं बसून त्यानं बायकांना समजावलं. तेवढ्यापुरता तरी तो मनापासून बोलत होता.

"रोगाचं नाव एक असतं मावशी, पण जंतू एक नसतो. आता ज्वारी बघा. सगळी ज्वारीच. पण मालदांडी वेगळी, दगडी वेगळी, हुरड्याची वेगळी. हाय का न्हाई? तसंच जंतूचं हाय. त्याचीबी वाणं असतात. थंड मुलखात ट्राउट, सॅमन असले मासे पाळतात. तिथल्या लोकांनी एका वाणाची लस टोचली आणि दुसऱ्या वाणानं मासे मेले. तेव्हा कुठं शहाणे झाले ते. म्हणून आपण तुमच्याच माशांतला जंतू काढायचा, मारायचा आणि त्याचीच लस करायची. पण तिन्ही खदानींतले मासे मला वेगवेगळे पाहिजेत. तिसरीतलं बीज तर हिमायतनगरकडून आणलंय तुम्ही. लांबून आलेल्या बिजासंगं जंतूबी लांबचा आला असंल."

ज्वारीचं ऐकून सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. भामाबाईनंही डोलावली.

"लई खराब झालेले द्या," तो उठता उठता म्हणाला. "जिवंत, पण बघून किळस आली पाहिजे. मी स्वतःच आलो असतो, पण परवापासून टेस्ट सिरीज हाय."

टेस्ट सिरीज! मोटारसायकल होती, रस्ता होता, दुसरा रविवारही होता. पण शिकलेल्या माणसाला एकदा सांगून झालं की काम झालं असं वाटतं.

मासे घेऊन लातूरला जाणारी जीप निघायच्या दिवशी भामाबाईनं तीन झाकणाचे डबे घासून लख्ख केले. पहिल्या खदानीत जाळं टाकलं. मासे आजारी होते पण धड होते, अंगावर चार-दोन चट्टे, डोळा स्वच्छ. दुसरीतलेही तसेच दिसत होते. तिसरीत टाकलं आणि वर ओढलं. पोटं फुटलेली, डोळे बाहेर आलेले, हात लावला की कातडं सुटून यायचं. वास तर असा की जाळं तिथंच सोडून ती लांब जाऊन उभी राहिली.

तिला डोळ्यांपुढं दिसलं ते हे : लातुरातल्या चांगल्या घरचा मुलगा, दहा शिकलेल्या माणसांत डबा उघडतो, आणि भामाबाईनं काय पाठवलंय ते सगळे नाकाला रुमाल लावून बघतात. हा माणूस आपल्यासाठी राबतोय आणि आपण त्याच्या हातात हे द्यायचं? छे. तिचा हातच उठेना. रोग दिसला म्हणजे झालं, तो या माशांवरही दिसतोयच की, मग घाण कशाला दाखवायची? दुसरी तशीही पहिलीसारखीच, म्हणून तिनं पहिल्या खदानीतलेच मासे तिन्ही डब्यांत घातले. त्यातही बरे बघून, निवडून घातले. वर स्वच्छ पाणी ओतलं, झाकणं बांधली आणि डबे जीपवाल्याकडं दिले. जाळं धुऊन वाळत टाकलं आणि निवांत भाकर खाल्ली.

अगं बाई, वरणाला निवडून डाळ घ्यावी, वैद्याला निवडून दुखणं दाखवतात का कुठं? पण हे तिला सांगणार कोण, आणि सांगितलं असतं तरी हात उठला असता का?

कलीमचा निरोप आला. तिन्ही डब्यांत एकच वाण निघालं होतं, एकच लस पुरणार होती. तोही खूश झाला. तिसरीत दुसरा जंतू असेल असं स्वतःच बोलला होता, तरी त्याला एकदा येऊन बघावंसं वाटलं नाही. ओळखीच्या प्रयोगशाळेत त्यानं लस करून पाठवली. बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून मासे धरले, टोपलीटोपलीनं लसीच्या पाण्यात बुडवले आणि परत सोडले. सगळ्यात जास्त राबली ती भामाबाई. तिच्या हाताची सालं निघाली.

पहिली खदान सावरली. दुसरी सावरली. तिसरी मेली.

हळूहळू नाही, एकदमच. पाणी दिसेना इतकी पांढरी पोटं वर आली. घारी-कावळे आले, कुत्री आली, आणि नाकाला रुमाल लावून व्यंकटराव आला. काठावरून पावलं मोजत चालला आणि भामाबाईच्या खोलीपाशी येऊन थांबला, पत्र्यावर टकटक करून बघितलं, जाड आहे का पातळ.

आता कलीम धावत आला. त्यानं स्वतः मासे उचलले, लातूरला नेले, आणि पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तिसरीतलं वाण वेगळंच होतं. त्याला पहिलीच्या लसीचा काडीचा उपयोग नव्हता.

"मावशी," त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "तिसऱ्या डब्यात मासे कुठल्या खदानीतले घातले होते?"

"पहिलीतले," भामाबाई म्हणाली. तिला लपवायचं सुचलंच नाही. "तिसरीतले लई सडले होते बाबा. तुमच्या हातात ते कसं देऊ?"

कलीमनं कपाळावर हात मारला. "सडलेलेच तर मागितले होते मी! ज्वारीचं सांगितलं तुम्हाला, लेकराला सांगावं तसं सांगितलं. अडाणी माणसासाठी राबलं की हे असं होतं." मग तो शिवगंगाकडं वळला. "माझी चूक न्हाई हे ध्यानात ठेवा."

शिवगंगा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती थंडपणे म्हणाली, "आधी हे मासे काढ, खड्डा करून पूर, मग तुझं सामान उचल. व्यंकटरावची माणसं सोमवारी येणार हायत."

"पहिल्या खदानीवर खोली घालून द्या गं मला," भामाबाई म्हणाली. "तीच राखते. पगार देऊ नका."

"आणि तिथंबी असंच केलंस तर?"

ज्या बायका तिच्या हातची ताजी भाकर खाऊन गेल्या होत्या त्याही टोपल्या उचलून चालू लागल्या. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथं तर घरही नव्हतं. दोन खदानी वाचल्या होत्या, लस लागू पडली होती, गटाचं नाव राहिलं होतं. भामाबाईचं तेवढं गेलं. मासे काढता काढता तिच्या सोललेल्या हातांत पू झाला. बसवंतच्या दारात जाऊन उभी राहिली तर बायकोला हा वास सोसवत नाही म्हणून त्यानं तिला म्हशींच्या खोलीतही घेतलं नाही.

कलीमला मागून वाईट वाटलं असावं. क्लासला लागून मुलींचं वसतिगृह होतं, तिथल्या मेसमध्ये त्यानं तिला भाकरी थापायला लावून दिलं. तिथं तिला झोपायला जिन्याखाली जागा मिळाली. तो येता-जाता "बऱ्या हाय ना मावशी?" एवढं विचारायचा. मग त्याचा क्लास मोठा झाला, भिंतीवर त्याचे फोटो लागले, आणि तेही विचारणं थांबलं.

एका दुपारी मुली जेवायला आल्या त्या हसतच. ऋतुजा नावाची मुलगी तर ताट धरून हसत होती, तिला दम लागला होता.

"काय झालं गं?" भामाबाईनं विचारलं.

"कलीम सरांनी जंतूंची वाणं शिकवली आज. दरवर्षी हाच किस्सा सांगतात म्हणे. एका बाईनं एकाच तळ्यातले मासे तीन डब्यांत घातले आणि तपासायला पाठवले! का, तर बाकीचे सडले होते, द्यायला लाज वाटली!" ऋतुजानं डोळे पुसले. "किल्लारीकडचीच होती म्हणे, तुमच्याच भागातली. मावशी, इतकं अडाणी कसं असतं हो माणूस?"

भामाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. ती फुगेपर्यंत थांबली, आणि ऋतुजाच्या ताटात ठेवली.

"असतं बाई," ती म्हणाली. "त्या बाईचं पुढं काय झालं, ते सांगितलं का सरांनी?"

"नाही," ऋतुजा म्हणाली आणि भाकर मोडली. "ते परीक्षेला नसतं."